दीड हजार तिच्या नावावर, मजुरी कुणाच्या?

मागच्या जानेवारीत कोल्हापूरला एका लग्नाला चाललो होतो, वाटेत सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या अड्ड्यावर मावसभाऊ ऊसतोडीला आलाय हे माहीत होतं म्हणून तिकडे गाडी वळवली. आमचं मूळ बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं. आईवडिलांच्या पिढीत आमचे लोक पण तोडीला जायचे, आम्ही दोघं भाऊ शिकून बाहेर पडलो, मावशीचं घर अजून त्यातच आहे. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, तीन दगडाच्या चुलीवर वहिनी भाकरी थापत होती, दीड वर्षाचा पोरगा झोळीत आणि सात वर्षांची पोरगी झोळीची दोरी ओढत बसलेली. भाऊ अजून ट्रॅक्टर भरून यायचा होता, फोन मात्र चार्जिंगला म्हणून कोपीवरच ठेवून गेलेला. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, बघा बरं त्यात, लाडक्या बहिणीचे आले का. परवा पडणार म्हणत होते."

मेसेज बघितला. आले होते, महिन्याचे पंधराशे. तिला बरं वाटलं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता हसली पण. मग मी सहज विचारलं, यंदा उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली आणि फिटली किती? तर म्हणाली, "ते ह्यांना माहीत. नाहीतर मुकादमाला."

त्या दिवशी तिने पहाटे चारपासून ऊस तोडला होता, मोळ्या बांधल्या होत्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवल्या होत्या. तिच्या खात्यात सरकारने टाकलेले पंधराशे कधी पडतात याची तारीख तिला पाठ आहे आणि पाच महिने राबून स्वतः कमावलेला पैसा किती हे मात्र तिला माहीत नाही. कारण तो तिच्या नावावर नाहीच. मुकादम म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, त्याच्या वहीत "कोयता" म्हणून नोंद असते, कोयता म्हणजे नवराबायको जोडी, उचल घेताना अंगठा किंवा सही नवऱ्याची. एकटा माणूस असला तर तो "अर्धा कोयता". हा शब्द लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरला.

तेव्हापासून योजनांवर चाललेला कुठलाही वाद ऐकला की मला ती कोपी आठवते. एक बाजू म्हणते फुकट पैसे वाटून लोकांना आळशी केलं, दुसरी म्हणते गरिबाच्या घरात चार पैसे गेले तर तुमच्या पोटात का दुखतं. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. माझं म्हणणं असं आहे की योजना वाईट नाही, पण मजुरीला हात न लावता वरून योजना वाटली की ती योजना शेवटी मजुरी कमी ठेवायलाच मदत करते, आणि मधे जी तूट राहते ती घरातली पोरं भरून काढतात. अभ्यास बुडवून, धाकट्याला सांभाळून, अठराच्या आत लग्न करून.

आता आळशीपणाचं आधी संपवून टाकू. दीड हजार भागिले तीस म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. "लाडकी बहीण आल्यापासून बाया कामाला मिळत नाहीत" असं गावोगाव ऐकू येतं. अहो, दिवसाला पन्नास रुपये मिळाले म्हणून जर बाई तुमच्या रानात यायची थांबत असेल तर तुम्ही तिला काय मजुरी देत होता याचा विचार करा ना आधी. खुरपणीला बाईला एक भाव आणि गड्याला दुसरा भाव हे आपल्याकडे अजून चालतं, त्यावर कुणी बोलत नाही.

आता मजुरी ठरते कशी ते बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. किमान वेतन कसं काढायचं याचं सूत्र या देशात १९५७ पासून आहे, १५ व्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलेलं. त्यात एक कमावता माणूस, त्याची बायको आणि दोन मुलं असं कुटुंब धरलंय. कमावणारा १ एकक, बायको ०.८ आणि प्रत्येक मूल ०.६, एकूण ३ एककं. दर एककाला रोजचं २७०० कॅलरी अन्न, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, जळण आणि दिवाबत्ती असा सगळा हिशोब. बायको ०.८ का म्हणून कुणाला राग येईल, यायला पाहिजेच, पण त्याच सूत्रात एक वाक्य आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बायकोची आणि मुलांची कमाई यात धरायची नाही. म्हणजे एका माणसाच्या मजुरीत चौघांचं भागलं पाहिजे, तरच ती किमान. पुढे १९९१ मधे सुप्रीम कोर्टाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के धरा. थोडक्यात या देशात कागदावर मूल ०.६ का होईना पण मजुरीच्या हिशोबात आहे, त्याची शाळा सुद्धा आहे.

हे सूत्र आता कोयत्याला लावा. जानेवारी २०२४ मधे संप, बैठका, लवाद सगळं होऊन तोडणीचा दर ३४ टक्के वाढला आणि टनाला २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास आला. ऊस चांगला असला, रान ओलं नसलं तर एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे, ते पण बारा-चौदा तासांचे, कारण रात्री गाडी आली की भरायला उठावं लागतं, त्याचा वेगळा तास कुणी धरत नाही. माणशी साडेतीनशे-पावणेचारशे झाले. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, म्हणजे दीड-पावणेदोनपट तास राबून रोहयोपेक्षा पन्नासेक रुपये जास्त. १९५७ चं सूत्र म्हणतं एकाच्या कमाईत चौघं जगली पाहिजेत, इथे दोघं मिळून तोडतात तेव्हा कुठे घर जेमतेम चालतं. बायकोची कमाई धरायची नाही हे लांबच, इथे बायको नसेल तर मुकादम पूर्ण उचलच देत नाही.

आता मला सांगा, आई पण रानात आणि बाप पण रानात तर पोरं कुठे जाणार? रानातच. हे काही आईबापाचं अज्ञान नाही, "या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" हे वाक्य मी पुण्यातल्या चांगल्या शिकलेल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. जोडीने गेल्याशिवाय उचल नाही आणि उचल नाही तर पावसाळ्यातलं खत-बियाणं, दुकानाची उधारी, मागच्या दवाखान्याचं देणं फिटत नाही. मोठी पोरगी सोबत नेली नाही तर धाकट्याला कोण बघणार? म्हणून ती जाते.

आणि उचलीचा हिशोब असा आहे. आता एका कोयत्याची उचल लाखाच्या आसपास जाते. दिवसाला दोन टन धरून पाच महिन्यात १४० दिवस काम झालं तर २८० टन, म्हणजे एक लाख दोन हजार. म्हणजे अख्खा हंगाम हा आधीच खाल्लेल्या पैशाचा असतो, रोजचं मीठ-मिरची वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चालतं, गुरंवाले येऊन पेंढ्या घेऊन जातात त्याचे जे येतील ते. पाऊस झाला, आजारी पडलं, कारखाना उशिरा सुरू झाला की बाकी अंगावर, आणि पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. खाडा झाला तर वरून दंड. पोट दुखतंय म्हणून एक दिवस बसायचं तर मजुरी पण गेली आणि दंडाचे पैसे पण लागले.

बीडच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९ मधे गाजलं ते इथूनच आलं. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिला होत्या, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावेळी टीव्हीवर सगळी चर्चा डॉक्टरांची आणि खाजगी दवाखान्यांची, ती व्हायलाच पाहिजे होती. पण पाळीच्या चार दिवसात बसायची सोय नाही, रानात पाणी नाही, आडोसा नाही, खाड्याला दंड, हे सगळं मजुरीच्या पद्धतीतून येतं याची चर्चा पाच मिनिटं पण नाही झाली.

बरं, मालक कोण? हा प्रश्न फार सोपा वाटतो पण विचारून बघा. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो मी पण तोडणाराच होतो, माझेच पैसे लोकांनी बुडवलेत (आणि यात कधी कधी तथ्य असतं, उचल घेऊन पळालेल्या टोळ्या मी पण बघितल्यात). म्हणजे पीएफ नाही, ईएसआय नाही, हजेरीपट नाही, बाळंतपणाची रजा तर विचारूच नका. आणि वर शेतकऱ्याला यात उभं केलंय, कारण तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या बिलातून कापला जातो. तोडणीचा दर वाढला की शेतकरी ओरडतो, त्याचं पण चुकत नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान भाव, केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं, २०२५-२६ ला टनाला ३५५० झाली, पण साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ वरच अडकलाय असं कारखानदार सांगतात आणि हात वर करतात. सगळ्यांचं खरं आहे आणि सगळ्यात खाली जो आहे त्याचा दर मात्र तीन-तीन, पाच-पाच वर्षांनी संप केल्याशिवाय हलत नाही. उसाच्या भावाला दरवर्षी राजपत्र निघतं, ऊस तोडणाऱ्याला का नाही?

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे हार्वेस्टर. मजुरी वाढवाल तर मशिन येईल. अरे ते येतंच आहे, सरकार एका हार्वेस्टरला ३५ लाखांपर्यंत अनुदान देतंय. मशिनला द्यायला पैसे आहेत हे यातून कळलं.

आता योजनांकडे येतो. योजना कमी आहेत असं अजिबात नाही, उलट मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. अंगणवाडीत पोषण आहार आहे, शाळेत खिचडी आहे, रेशन फुकट आहे, पहिल्या बाळंतपणाला मातृवंदनाचे पाच हजार आहेत, हंगामी वसतिगृह आहे, जिथे जाल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. पण या सगळ्या योजना एका जागी राहणाऱ्या माणसासाठी बनवल्यात, आणि मजुरी अशी आहे की माणसाला एका जागी राहू देत नाही. अंगणवाडीत पोराचं नाव गावात, पोर कोपीवर. सरकारी कागदावर ते पोर "स्थलांतरित" आणि ज्या गावात आलंय तिथल्या अंगणवाडीच्या यादीत त्याचं नावच नाही, तिथली सेविका चांगली असली तर देते अंडं, नसली तर नाही. रेशन आता देशात कुठेही उचलता येतं म्हणतात, येतं पण, फक्त दुकान कोपीपासून पाच किलोमीटर असलं आणि ते दिवसा उघडं असलं की त्यासाठी एक खाडा करावा लागतो. पुन्हा आलं का मजुरीवर?

साखरशाळा आठवतात का? कारखान्याच्या तळावरच शाळा, संस्थांनी चालवलेल्या, कुडाच्या भिंती का असेना पण कोपीपासून हाकेच्या अंतरावर. शिक्षण हक्काचा कायदा आला आणि म्हणाले आता वेगळ्या शाळा नकोत, मुलं जवळच्या नियमित शाळेत बसतील. तत्त्व म्हणून एकदम बरोबर. झालं काय, तर साखरशाळा बंद पडत गेल्या आणि जवळची नियमित शाळा निघाली तीन किलोमीटरवर हायवेच्या पलीकडे, आईबाप पहाटे चारला गेलेले, पोराला पोचवणार कोण? माझ्या पुतणीचं हमी कार्ड वहिनीने मला दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आधार कार्डासोबत ठेवलेलं. त्या हंगामात ते एकदाही कुठल्या शाळेत दाखवलं गेलं नव्हतं.

हंगामी वसतिगृहाचं म्हणाल तर नाव मोठं आहे, बऱ्याच ठिकाणी मुलं स्वतःच्या आजीकडेच राहतात आणि शाळेतून दोन वेळचं जेवण मिळतं. म्हणजे खरी योजना आजी आहे. माझी मावशी ६८ वर्षांची. लाडक्या बहिणीचं वय ६५ ला संपतं, त्यामुळे तिला श्रावणबाळचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, दीड हजार. त्यावर ती मोठ्या नातवाला आणि दिराच्या दोन नाती सांभाळते. दिवाळी झाली की आमच्या गावात रस्त्यावर म्हातारी आणि लहान एवढीच माणसं दिसतात, मधल्या वयाचं कुणी नाही. आणि तेरा-चौदा वर्षांची पोरगी आजीच्या भरवशावर मागे ठेवायची म्हटलं की आईबापाला झोप लागत नाही, सोबत न्यायची तर कोपीला दार नसतं. मग लग्न करून टाकतात, नवीन जोडी झाली की नवीन कोयता पण तयार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधे अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर निघालं, राज्याची सरासरी २२ च्या आत होती. बालविवाह रोखायला पथकं आहेत, हेल्पलाईन आहे, शपथा घेतात शाळेत. ते सगळं करा, पण कोयत्याला जोडी लागते ही अट आहे तोवर शपथेला काय अर्थ आहे?

तुलना म्हणून रोजगार हमीचा कायदा घ्या. ७२ च्या दुष्काळातून आपल्याच राज्याने काढलेली कल्पना, वि. स. पागे यांचं डोकं, पुढे २००५ मधे देशाने घेतली. त्यात असं लिहिलं की कामावर आलेल्या बायकांसोबत पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला पण तीच मजुरी द्यायची. प्रत्यक्षात किती ठिकाणी झालं ते सोडा, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते पोर होतं. हाजरी पण बाईची वेगळी, पैसे तिच्या खात्यात. उसाच्या फडात हे का होऊ शकत नाही याचं एक पण पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

पैसा नाही म्हणाल तर, लाडक्या बहिणीला २०२५-२६ च्या बजेटमधे ३६ हजार कोटी ठेवले. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलं होतं, राज्यात हंगामाला साधारण दहा कोटी टन गाळप धरलं तर होतात शंभर कोटी, सरकारने तेवढेच घालायचे. हिशोब करा तुम्हीच, दहा लाख मजूर धरले तरी वर्षाला माणशी दोन हजार.

मी लाडकी बहीण बंद करा म्हणत नाहीये, हे परत सांगतो कारण लोक अर्धं वाचून अंगावर येतात. वहिनीने त्या पंधराशेतून पोराचं औषध आणलं, स्वतःसाठी चप्पल घेतली, नवऱ्याला न विचारता. हे लहान नाही. आमच्या आईच्या हातात असा पैसा कधी आला नाही. पण नीट बघा, सरकारला बाईच्या नावाने खातं उघडता येतं, आधार जोडता येतं, दोन कोटींच्या वर बायकांना एका बटणावर पैसे पाठवता येतात, हे आता सिद्ध झालंय. मग त्याच खात्यात तिच्या तोडणीची अर्धी मजुरी थेट कारखान्याकडून का येत नाही? वजनकाट्यावर टनांची पावती निघते, कॉम्प्युटरवर निघते, कोणत्या टोळीचा किती ऊस ते मिनिटात कळतं. कोयता फोडून दोन माणसं करा वहीत. दोन नावं, दोन खाती. एकदा ती मजूर म्हणून कागदावर आली की मग तिला बाळंतपणाची रजा मागता येईल, खाड्याचा दंड कायद्याने चूक आहे म्हणता येईल, आणि तळावर पाळणाघर द्या म्हणता येईल. आज ती कागदावर फक्त बहीण आहे आणि बहिणीला ओवाळणी मिळते, ओवाळणीचा दर काय हे भावाच्या मर्जीवर, निवडणुकीत २१०० चे बोलले होते त्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

नवीन वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात असंघटित कामगार पण किमान वेतनाच्या कक्षेत आलेत म्हणतात. नियमांच्या मसुद्यात तेच १९५७ चं सूत्र आहे, तीच तीन एककं, कापड यार्डाऐवजी ६६ मीटर. चांगलंच आहे. फक्त टनावरच्या मजुरीला ते लावताना आठ तासात एक माणूस किती टन तोडतो ते आधी मोजा, आणि एका माणसाच्या त्या टनांवर चौघांचं कुटुंब बसवून दर काढा. जो आकडा येईल तो बघून कारखाने, शेतकरी, सरकार सगळे दचकतील हे मला माहीत आहे. साखर महाग पडेल थोडी. पडू दे. आज ती स्वस्त आहे कारण तिचा काही भाग माझी सात वर्षांची पुतणी झोळीची दोरी ओढून भरते.

२०२५ च्या हंगामात परत तेच. दसरा झाला, दिवाळी झाली, टोळ्या गेल्या, गाळप १ नोव्हेंबरपासून. आणि बरोबर त्याच दिवसात लाडक्या बहिणीची ई-केवायसी लागली, आधी १८ नोव्हेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढली. त्यात बाईचा ओटीपी वेगळा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी वेगळा. वहिनीचा रात्री साडेनऊला फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून, फडाच्या कडेला रेंज धरत उभी होती बहुतेक. म्हणाली साईट उघडत नाही, तुम्ही पुण्यातून भरता का. मी लॅपटॉप उघडून बसलो, तिचा नंबर टाकला, दादाचा टाकला, ओटीपी दादाच्या फोनवर गेला. दादा ट्रॅक्टरसोबत कारखान्यावर, काट्याच्या लाईनीत, पुढे साठ-सत्तर गाड्या. दहा मिनिटांनी ओटीपी बाद झाला. वहिनी म्हणाली राहू द्या, उद्या बघू, चारला उठायचंय.